पहिल्या बोलपटाचा अबोल नायक

गेल्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत माझ्या तोंडून ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ निघाले आणि सभागृह हसले. मी जित्याचा. आमच्याकडे गणपतीच्या कारखान्यात मूर्तीचे डोळे तपासतात, कुणाचा ‘ण’ तपासत नाहीत. पुढे ग्रंथालयात पुस्तके चाळताना मास्टर विठ्ठल भेटले आणि जिवाला बरे वाटले.

विठ्ठल मूळचे रंगभूमीवरचे बालनट. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत ते शिरले आणि ‘कल्याण खजिना’ (१९२४) या मूकपटात चक्क नर्तकी झाले! नंतर मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीने त्यांच्या हाती तलवार दिली. घोडदौड, उड्या, तलवारबाजी यांवर पब्लिक खूश. तिकडे हॉलिवूडमध्ये डग्लस फेअरबँक्स ‘द मार्क ऑफ झोरो’ (१९२०) आणि ‘द थीफ ऑफ बगदाद’ (१९२४) गाजवीत होता. विठ्ठलना ‘भारताचा फेअरबँक्स’ म्हणू लागले. मूकपटात नायकाचे अंगच बोलते. त्याची मातृभाषा कोणती, हा प्रश्नच उद्भवत नाही.

तो उद्भवला १९३१ साली. अर्देशिर इराणींनी ‘आलम आरा’साठी नायक म्हणून विठ्ठलनाच निवडले. करार मोडला म्हणून शारदा कंपनी कोर्टात गेली. विठ्ठलांची बाजू बॅरिस्टर जिनांनी मांडली, असे सांगतात. विठ्ठल जिंकले. पण त्यांचे उर्दू उच्चार कच्चे! तेव्हा नायक बराच वेळ गुंगीत दाखवून वेळ मारून नेली, अशी हकिकत नमूद आहे. १४ मार्चला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये झुंबड उडाली ती आवाज ऐकण्यासाठी, आणि ज्याच्या एकेका उडीवर शिट्ट्या पडत, तो पडद्यावर गप्प. माझ्या मते ही शिक्षा कोर्टात हरण्याहून कठोर होती.

विठ्ठल पुन्हा मूकपटांकडे वळले, पण मूकपटांचेच दिवस भरले होते. मग मराठी बोलपट हाती लागला. भालजी पेंढारकरांच्या ‘नेताजी पालकर’मध्ये (१९३९) तलवारही होती आणि भाषाही घरची. (नेताजींचे नाव आपल्या शेजारच्या खालापूर तालुक्यातील चौक गावाशी जोडले जाते, हे जाता जाता सांगतो.) उतारवयात मात्र लहानसहान भूमिकांवर भागवावे लागले. १९६९ साली ते वारले.

‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्यांचे उच्चार खरोखर किती वाईट होते, हे कुणालाच पडताळता येत नाही.

यंदा मी स्पर्धेत पुन्हा नाव दिले आहे. विषय ‘मास्टर विठ्ठल’. नावात ‘ण’ नाही, एवढे बरे.