बंदुकीचं वजन आणि खांद्याचा हिशेब

दिवाळीच्या सुमारास शहापूर-मुरबाडची भातं पिवळी पडतात आणि त्याच दिवसांत रानडुकरं शेतात उतरतात. डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसई या पट्ट्यात कापणीच्या आधीच्या रात्री राखणीतच जातात. डबे बडवायचे, शेकोटी पेटवायची, मधूनच आरोळी ठोकायची. एखाद्या घरी पीकरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक असते. तिचा बार बहुतेक वेळा हवेतच निघतो.

हा मुलूख चढउतारांचा. माहुलीचा किल्ला साडेआठशे मीटरच्या पुढे जातो, पूर्वेला आजोबाचा डोंगर आणि नाणेघाट-माळशेजच्या कड्यांची भिंत उभी. अशा रानात खांद्यावर चार किलो आणि तीन किलो यांतला फरक पहिल्या खिंडीतच कळतो. म्हणूनच शिकारीची बंदूक हलकी कशी करावी, हा प्रश्न डोंगराळ प्रदेशात जगभर विचारला गेला. आपल्याकडे शिकार केव्हाच बंद झाली. पण या प्रश्नाचं उत्तर समजून घेतलं की बंदूक नावाचं यंत्र समजतं, आणि परवान्याच्या बंदुकीवर घरच्या घरी कानस चालवणं किती महागात पडू शकतं, तेही कळतं.

वाहणारा वेगळा, झाडणारा वेगळा

अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत असलेली 'ब्राउन बेस' ही ठासणीची बंदूक पावणेपाच किलोच्या घरात होती. साहेबी शिकारीच्या काळातल्या, मोठ्या जनावरांसाठी बनवलेल्या दुनळी रायफली तर त्याहूनही जड असत. त्या वजनाची फारशी तक्रार कुणी केली नाही, कारण साधं होतं. बंदूक वाहायला माणूस असे, साहेब ती फक्त झाडायला हातात घेई. हाकारे घालणारी, रान उठवणारी माणसं जवळपासच्या गावांतली. 1878 च्या शस्त्र कायद्यानंतर त्यांच्या हाती परवान्याशिवाय बंदूक येणं शक्यच नव्हतं.

स्वतःची बंदूक स्वतः वाहणाऱ्याचं गणित निराळं होतं. कुमाऊंच्या डोंगरांत एकट्याने पायी फिरणाऱ्या जिम कॉर्बेटकडे मोठ्या काडतुसांची जड दुनळी रायफल होतीच, पण चंपावतच्या वाघिणीला मारल्यावर 1907 मध्ये भेट मिळालेली .275 रिग्बी ही हलकी रायफलही त्याने वर्षानुवर्षं वापरली. तिचं वजन साडेतीन किलोच्या आसपास. पुढे स्वतंत्र भारतात ईशापूरच्या कारखान्यातून परवानाधारकांसाठी आलेली .315 स्पोर्टिंग रायफलही याच वजनाच्या गटातली. पायी हिंडणाऱ्या माणसाला साडेतीन किलो पेलतात, असा बऱ्याच निर्मात्यांच्या अनुभवाचा निष्कर्ष दिसतो.

वजन असतं कुठे?

रायफलचं सर्वांत जास्त वजन पोलादी नळीत असतं. त्याखालोखाल काडतूस भरणारी, बंद करणारी आणि झाडणारी यंत्रणा. मग दस्ता: अक्रोडाच्या लाकडाचा असेल तर साधारण किलोभराचा. वर दुर्बीण आणि तिची कडी बसवली की आणखी अर्धा किलो सहज चढतो.

वजन उतरवण्याचे मार्गही याच क्रमाने येतात. नळी बारीक करणं, आखूड करणं, किंवा तिच्या बाहेरच्या अंगाला लांबट खाचा पाडणं. पोलादाच्या यंत्रणेऐवजी टायटॅनियमची वापरणं. लाकडाच्या जागी कार्बन तंतूंचा दस्ता बसवणं. दुर्बीण छोटी निवडणं. अमेरिकेत 1980 च्या दशकात मेल्विन फोर्ब्स या कारागिराने वेगळा विचार केला. नळी किरकोळ करत बसण्यापेक्षा यंत्रणाच काडतुसाच्या मापाची छोटी बनवायची, आणि दस्ता केव्हलार-कार्बनचा, पण इतका ताठ करायचा की नळीला शेवटपर्यंत आधार मिळेल. त्याच्या रायफली अडीच किलोच्या आत आल्या आणि नेमही टिकला. संपूर्ण बंदूक पहिल्यापासून हलकी म्हणून आखली होती, हे त्या यशाचं कारण. तयार जड बंदूक तासून हलकी करण्याशी त्याचा काही संबंध नाही.

उतरवलेला किलो जातो कुठे?

इथे न्यूटनचा हिशेब मांडावा लागतो. दहा ग्रॅमची गोळी सेकंदाला 800 मीटर वेगाने सुटली, तर चार किलोची रायफल सेकंदाला दोन मीटर वेगाने मागे येते. त्या दणक्याची ऊर्जा होते आठ ज्यूल. तीच गोळी तीन किलोच्या रायफलीतून सोडा. मागे येण्याचा वेग होतो 2.67 मीटर आणि ऊर्जा 10.67 ज्यूल. म्हणजे वजन पाव हिश्शाने घटलं आणि दणका एक तृतीयांशाने वाढला. यात नळीतून बाहेर पडणाऱ्या वायूचा वाटा धरलेला नाही. तो धरला की दोन्ही आकडे आणखी चढतात.

दणका वाढला की माणूस बार काढण्याआधीच नकळत खांदा चोरतो, डोळे मिटतो, चाप झटक्याने ओढतो. नेम तिथेच जातो. दुसरा तोटा नळीचा. बारीक नळी दोन-तीन बारांत तापते आणि तापली की गोळी ठरल्या जागेवरून सरकते. तिसरा तोटा हाताच्या थरथरीचा. श्वासाने, नाडीने, वाऱ्याने हलकी बंदूक जास्त हलते. जड नळी तो थरकाप गिळून टाकते.

म्हणूनच नेमबाजीच्या मैदानावर उलटं चित्र दिसतं. तिथे वजनाला वरची मर्यादा घालावी लागते: दहा मीटर एअर रायफलसाठी साडेपाच किलो, पन्नास मीटरच्या पुरुषांच्या थ्री पोझिशन प्रकारात आठ किलो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकलं, ते याच थ्री पोझिशन प्रकारात. गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून, एकाच जागी नेम धरायचा असल्याने तिथे वजन हा आधार असतो. डोंगर चढायचा असेल तर तेच ओझं होतं.

जंगलासाठी कापलेली रायफल

वजन कमी करण्याचा सर्वांत बोलका प्रयोग ब्रिटिश फौजेने केला. दुसऱ्या महायुद्धात ली-एनफिल्ड नंबर चार ही पायदळाची रायफल सुमारे 4.1 किलोची होती. दाट जंगलात, विमानातून उडी घेताना ती लांब आणि जड पडे. 1944 मध्ये तिची आखूड आवृत्ती निघाली, नंबर पाच. लोक तिला 'जंगल कार्बाइन' म्हणू लागले. नळी 25 इंचांवरून 19 इंचांच्या आत आणली, यंत्रणेतलं पोलाद जागोजागी कोरून काढलं, पुढचं लाकूड छाटलं. वजन 3.2 किलोंवर आलं, म्हणजे सुमारे 900 ग्रॅम वाचले.

किंमत लगेच दिसली. आखूड नळीतून निघणारा जाळ इतका मोठा होता की टोकाला शंकूच्या आकाराचा जाळरोधक बसवावा लागला. दणका कमी करायला दस्त्यामागे रबराची गादी लावली, तीही अपुरी पडली. नेम एका जागी राहत नाही, अशा तक्रारी येत राहिल्या आणि 1947 मध्ये उत्पादन थांबलं. मोठा कारखाना, निष्णात अभियंते आणि युद्धाचा खजिना पाठीशी असूनही तासून काढलेल्या पोलादाचा हिशेब चुकता झाला नाही.

कानस लावण्याआधी

आधुनिक रायफलीच्या काडतूसकोठीत बार सुटताना प्रचंड दाब तयार होतो. .30-06 या प्रचलित काडतुसाचा दाब वातावरणाच्या सुमारे चार हजार पट असतो. त्या भागातलं पोलाद थोडंही पातळ झालं, तर नळी फाटून बार काढणाऱ्याच्याच तोंडावर येऊ शकते. गंजलेल्या जुन्या ठासणीच्या बंदुकीत दारू अंदाजाने भरली जाते, तेव्हा हाच धोका वेगळ्या वाटेने येतो.

कायदाही इथे स्पष्ट आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 6 नुसार परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करणं गुन्हा आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी किमान सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. याच कायद्याच्या कलम 13 मध्ये प्रामाणिक पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख येतो. संरक्षण किंवा खेळासाठी गुळगुळीत नळीची बंदूक हवी असेल, तर तिची नळी किमान 20 इंच असावी लागते. कायदा वजन मोजत नाही, लांबी मोजतो. लपवता येणारी बंदूक कुणाच्या हाती पडू नये, हे त्यामागचं कारण.

शिकारीचं दार तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि 1991 च्या दुरुस्तीने पुरतं बंद केलं. तानसा अभयारण्य याच शहापूरच्या रानात आहे. रानडुक्कर हे 1 एप्रिल 2023 पासून कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर कलम 11 खाली मारण्याची परवानगी मिळू शकते. पण ती वनखात्याने लेखी द्यायची असते. हाती पीकरक्षणाची बंदूक आहे, एवढ्यावर ती मिळत नाही.

तेव्हा शहापूर-मुरबाडमधल्या परवानाधारकाला सांगायचं ते एवढंच. बंदूक जड वाटत असेल तर रुंद पट्टा लावा, अनावश्यक सामान घरी ठेवा आणि दुरुस्ती फक्त परवानाधारक बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून करा. नळीला आणि दस्त्याला घरच्या हत्याराने हात लावू नका. आणि डुकरांनी भात उद्ध्वस्त केलं, तर पहिला कागद वनपरिक्षेत्र कार्यालयात पीकनुकसानीच्या अर्जाचा गेला पाहिजे. पंचनामा वेळेत झाला तरच भरपाई हाती पडते.