पत्र्यावरचं आभाळ

कुर्डुवाडीत नवी गाडी दारात आली की आधी पूजा होते. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, बंपरला हार, चाकाखाली लिंबू आणि लगेच फोटो. तेव्हा बहुधा भर दुपार असते. फोटोत टप पांढराफटक, दरवाजे काळवंडलेले आणि दारात फोटो काढणाऱ्याचीच छबी. दोष मोबाइलचा नसतो, वेळेचा नि जागेचा असतो.

गाड्यांचे फोटो काढणं हाच ज्यांचा व्यवसाय आहे, ते चकचकीत पत्र्याला आरसाच मानतात. त्यामुळे स्टुडिओत ते गाडीवर थेट दिवा रोखत नाहीत. वर गाडीहून मोठा पांढरा पडदा टांगतात आणि उजेड त्यावर सोडतात. पडद्याची कड पत्र्यात उमटते. बॉनेटपासून डिकीपर्यंत धावणारी ती उजळ रेघच गाडीचा घाट दाखवते.

हा पडदा कुर्डुवाडीकरांना फुकट मिळतो. सूर्य मावळला की पश्चिमेचं अख्खं आभाळ मऊ उजेड देतं आणि गावाबाहेरच्या माळावर त्याच्या आड फारसं काही येत नाही. गाडीची एक बाजू पश्चिमेकडे करावी आणि आपण त्याच बाजूला, पण तिरकं उभं राहावं. मग खाली वाकून दरवाजा नीट बघावा. एखादी बाभूळ, विजेचा खांब किंवा कंपाउंडची भिंत त्यात काळ्या चिरेसारखी दिसते. गाडी चार हात पुढे घेतली की ती चीर जाते. फोटोत एवढा फरक महागड्या कॅमेऱ्यानेही पडत नाही.

घाई मात्र करावी लागते. कुर्डुवाडी साधारण 18 अंश अक्षांशावर आहे. इथे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे मावळल्यावर कामाचा उजेड जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं टिकतो. मे महिन्याच्या मध्यावर तर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो. तेव्हा टपाला सगळं मिळतं, दारांना काहीच नाही.

रंगाची गंमतही संध्याकाळचीच. आपल्याकडे पांढऱ्या गाड्या जास्त, आणि पांढरा रंग भोवतालचा रंग उचलतो. निळसर आभाळाखाली गाडी निळी झाक घेते. अशा वेळी पिवळसर पार्किंग लाइट लावले, तर निळ्यावर पिवळा खुलून दिसतो. रस्त्यावरच्या सोडियम दिव्याखाली मात्र लाल गाडी मातकट दिसते. काचेवरची चमक घालवायला व्यावसायिक पोलरायझर फिल्टर वापरतात. पोलराइज्ड गॉगल मोबाइलच्या लेन्सपुढे धरून हळूहळू फिरवला, तरी काचेपलीकडची सीट दिसू लागते.

1897 साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली तेव्हापासून रुळांवर वाढलेल्या या गावाला अमेरिकेचे छायाचित्रकार ओ. विन्स्टन लिंक यांचं काम जवळचं वाटेल. सूर्य आपल्या हातात नाही म्हणून ते वाफेच्या इंजिनांचे फोटो रात्री काढत. 1956 साली वेस्ट व्हर्जिनियात त्यांनी उघड्यावरच्या सिनेमागृहाशेजारून धावणारी आगगाडी टिपली. त्या फोटोत पुढे उघड्या टपाची ब्यूक मोटार आहे. चाळीसहून अधिक फ्लॅश बल्ब त्यांनी आधीच जागोजागी लावले होते आणि ते एकाच क्षणी पेटवले.

तेव्हा गाडी असो की ट्रॅक्टर, पूजा मुहूर्तावरच करा. फोटोसाठी मात्र संध्याकाळपर्यंत थांबा, आणि त्याआधी पत्रा ओल्या फडक्याने पुसून घ्या.