रिपोर्टमध्ये जादा ओळी येतात कुठून?



गोडादरा, लिंबायत, डिंडोली भागातल्या आपल्या घरांतली मागची पिढी लूमवर आणि मिलमध्ये राबली. आज त्याच घरांतली कितीतरी मुले-मुली रिंग रोडच्या कापड मार्केटमध्ये कॉम्प्युटरवर हिशेब सांभाळतात. शेठला उधारीचा रिपोर्ट हवा असतो. कुणी तो एक्सेलमध्ये काढतो, कुणी पॉवर बीआयमध्ये. आणि मग प्रश्न येतो, "बिल एकच, मग तीनदा कसे दिसते?" असा रिपोर्ट घेऊन वसुलीला गेले तर पार्टी दुखावते आणि बोल बसतो तो रिपोर्ट काढणाऱ्याला.

एक उदाहरण घेऊ. बिल नंबर 501, रक्कम 40,000 रुपये. पार्टीने पैसे तीन हप्त्यांत दिले: 10,000, 15,000 आणि पुन्हा 15,000. बिलांचा तक्ता एक, जमेचा दुसरा. बिल नंबरावरून दोन्ही जोडले की जमेच्या प्रत्येक ओळीपुढे तेच बिल येऊन बसते. ओळी तीन, आणि बिलांची बेरीज 1,20,000! यात कॉम्प्युटरची काहीच चूक नाही. बिलाच्या तक्त्यात एक ओळ म्हणजे एक बिल, जमेच्या तक्त्यात एक ओळ म्हणजे एक हप्ता. जोडल्यावर ओळ हप्त्याची झाली आणि आपण मात्र ती बिलाची समजून बेरीज मारली.

इथे बहुतेक जण 'डिस्टिंक्ट' लावतात किंवा 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' दाबतात. हा उपाय मला सर्वांत धोक्याचा वाटतो. रिपोर्टमध्ये तारीख घेतलेली नसेल, तर 15,000 च्या दोन ओळी हुबेहूब सारख्या दिसतात आणि त्यातली एक उडते. मग बिलांची बेरीज 80,000 आणि जमा 25,000. दोन्ही आकडे खोटे, पण ओळी कमी झाल्या म्हणून मनाला बरे वाटते. खरा उपाय साधा आहे. आधी जमेची बिलवार बेरीज करा, म्हणजे 501 साठी 40,000 ची एकच ओळ होईल, आणि मगच ती बिलाला जोडा.

दुसरे मूळ पार्टीच्या यादीत असते. पत्ता बदलला म्हणून कुणीतरी तीच पार्टी त्याच कोडखाली पुन्हा भरली, की तिचे प्रत्येक बिल दुप्पट. नावावरून जोडले तर उलटाच गोंधळ: एकीकडे 'पाटील', दुसरीकडे 'पाटिल', तिसरीकडे नावामागे न दिसणारी रिकामी जागा. जीएसटी नंबर 15 अक्षरांचा असतो, त्यावरून जोडावे. पण दोन राज्यांत नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याचे नंबर दोन असतात, हे ध्यानात असू द्या. एक्सेलमधून आलेली 'एकूण' ही ओळ आणि रद्द झालेली बिलेही तपासा. ती शोधणे सोपे असते.

कधी मात्र ओळ दुप्पट नसते, तर यादीत असायलाच नको असते. महाराष्ट्रातल्या लाडकी बहीण योजनेचे उदाहरण गावाकडच्या नातेवाइकांमुळे आपल्याला माहीत आहे. 2025 मध्ये शासनाने इतर खात्यांच्या माहितीशी यादी ताडून पाहिली आणि सुमारे 26 लाख लाभार्थी अपात्र असल्याचे सांगितले. काहींना दुसऱ्या योजनेचाही लाभ मिळत होता, काही कुटुंबांत दोनपेक्षा जास्त लाभार्थी होते, काही अर्ज तर पुरुषांचे होते. इथेही गाठ तीच आहे. यादीतली ओळ एका व्यक्तीची, अट मात्र कुटुंबाची. कुटुंब ओळखणारा रकाना असल्याशिवाय ती अट तपासताच येत नाही. आणि घाईने ओळ उडवली तर एखाद्या खऱ्या पात्र बहिणीचे महिन्याचे 1500 रुपये थांबतात. म्हणून संशयित ओळ आधी वेगळी काढून ठेवावी आणि कारण कळल्यावरच वगळावी.

तपासणी कशी करायची? जोडण्याआधी बिलांच्या ओळी मोजा, जोडल्यावर पुन्हा मोजा. 812 च्या 830 झाल्या, तर एकेक जोडणी काढून पाहा. जी काढल्यावर आकडा पुन्हा 812 वर येतो, गडबड तिथे आहे. मग त्या तक्त्यात 'ग्रुप बाय' लावून कोणता कोड एकापेक्षा जास्त वेळा आला ते बघा. शेवटी एखादे बिल वहीशी हाताने ताडून पाहा, शक्यतो अनेक हप्त्यांत पैसे आलेले.