बदल्यांचा कायदा : कारण लिहिण्याचे बंधन

एप्रिल-मे महिने जवळ आले की राज्यातील सरकारी कार्यालयांत कामापेक्षा बदल्यांचीच चर्चा अधिक रंगते. कोणाला सोयीचे ठिकाण मिळणार, कोणाची रवानगी आडगावी होणार आणि कोणाचा वशिला कुठवर पोहोचला आहे, याचे अंदाज बांधले जातात. बदलीला दिलेले हे लिलावाचे स्वरूप मोडावे, या हेतूने महाराष्ट्राने २००५ साली बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कामातील विलंबास प्रतिबंध करणारा अधिनियम केला. १ जुलै २००६ पासून तो लागू झाला. नावातच दोन उद्दिष्टे सांगणाऱ्या या कायद्याचे मर्म समजून घेणे कर्मचारी आणि नागरिक या दोघांनाही आवश्यक आहे.

कायद्यानुसार गट अ, ब आणि क मधील कर्मचाऱ्यांचा एका पदावरील सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा आहे. मंत्रालयाबाहेरील गट क कर्मचाऱ्याने एका कार्यालयात असे दोन कार्यकाळ पूर्ण केले की त्याला तेथून हलविणे अभिप्रेत आहे. गट ड मधील कर्मचाऱ्यांना मात्र असा ठरावीक कार्यकाळ नाही. विनंती किंवा गंभीर तक्रार असल्याशिवाय त्यांची बदली सहसा होत नाही. बदलीस पात्र ठरणाऱ्यांची यादी सक्षम प्राधिकाऱ्याने दरवर्षी जानेवारीत तयार करावी आणि बदल्या वर्षातून एकदाच, एप्रिल किंवा मे महिन्यात कराव्यात, असा दंडक आहे. यामागील विचार साधा आहे. मुलांच्या शाळेचे वर्ष संपलेले असते आणि कुटुंबाला नवे बिऱ्हाड थाटायला अवधी मिळतो.

कायद्याची खरी परीक्षा अपवादांत होते. मुदतपूर्व किंवा वर्षाच्या मध्यावर बदली करायची झाल्यास विशेष कारणे लेखी नोंदवून वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. अपवादाची गरज नाकारता येत नाही. आपत्ती, गंभीर तक्रार किंवा एखाद्या पदाची निकड कोणत्याही प्रशासनापुढे उभी राहू शकते. परंतु 'प्रशासकीय कारणास्तव' हे दोन शब्द लिहून मोकळे होण्याची सवय लागली, की अपवादच नियम बनतो. असा मोघम शेरा म्हणजे कायद्याला अपेक्षित असलेले कारण नव्हे, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणानेही कारणांविना केलेले मुदतपूर्व बदल्यांचे आदेश वेळोवेळी रद्द ठरविले आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणात हाच धागा पुढे नेला. सनदी अधिकाऱ्यांना किमान कार्यकाळ मिळावा, बदल्यांबाबत सल्ला देण्यासाठी नागरी सेवा मंडळे असावीत आणि तोंडी आदेशांची लेखी नोंद व्हावी, असे निर्देश न्यायालयाने दिले. तोंडी आदेशाला उत्तरदायित्व नसते, हे त्यामागील सूत्र होते.

कायद्याचा दुसरा भाग मात्र काहीसा विस्मरणात गेला आहे. कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ पडून राहू नये, तातडीची नस्ती शक्यतो चार दिवसांत निकाली निघावी, अन्य विभागाकडे पाठवावी न लागणाऱ्या प्रकरणाचा निर्णय ४५ दिवसांत आणि पाठवावी लागणाऱ्या प्रकरणाचा तीन महिन्यांत व्हावा, असे त्यात म्हटले आहे. हेतुपुरस्सर विलंब केल्यास शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. न्यायप्रविष्ट प्रकरणांसारखे काही अपवाद त्याला आहेत.

हे दोन भाग एकाच कायद्यात आहेत, हा योगायोग नव्हे. कधी उचलबांगडी होईल याची धास्ती असलेला अधिकारी नियमावर बोट ठेवून 'नाही' म्हणण्याचे धाडस करीत नाही. उलट वर्षानुवर्षे एकाच टेबलावर ठाण मांडून बसलेल्याला नस्ती अडवून ठेवण्याचे भय वाटत नाही. दोन्हींची किंमत सात-बाराच्या उताऱ्यासाठी किंवा निवृत्तिवेतनासाठी हेलपाटे घालणारा माणूसच मोजतो.

सेवानियमांच्या सुधारणेसाठी प्रत्येक वेळी नवा कायदाच हवा असतो, असे नाही. प्रत्येक मुदतपूर्व बदलीचे कारण आदेशातच नमूद केले आणि प्रलंबित नस्त्यांचा तपशील प्रत्येक कार्यालयाच्या फलकावर लावला, तरी असलेला कायदा पुष्कळ काम करील. लिहिलेले कारण तपासता येते. न लिहिलेल्या कारणाची केवळ कुजबुज होते.