कुंडीतले लिंबू पावसाळ्यात का दगावते?

गिरगावातल्या चाळीची गॅलरी असो की लालबागमधल्या इमारतीची गच्ची, कुंडीतले कागदी लिंबू अनेक घरांत हमखास दिसते. उन्हाळाभर ते टवटवीत असते. पावसाळा निम्मा सरला की मात्र पाने पिवळी पडतात, फांद्या शेंड्याकडून वाळू लागतात आणि मातीलगत खोडातून तपकिरी डिंक पाझरतो. पाणी कमी पडले असेल असे समजून घरची मंडळी आणखी पाणी घालतात आणि झाड जाते. प्रत्यक्षात पाणी कमी नव्हे, जास्त झालेले असते.

विदर्भातल्या संत्रा बागायतदारांना हा रोग ‘डिंक्या’ या नावाने चांगलाच माहीत आहे. त्यामागे ‘फायटोफ्थोरा’ हा सूक्ष्मजीव असतो. सोयीसाठी त्याला बुरशी म्हणतात. वर्गीकरणाच्या दृष्टीने तो खऱ्या बुरशीपेक्षा तपकिरी शैवालांना जवळचा. त्याचे बीजाणू साचलेल्या पाण्यात पोहत मुळांपर्यंत पोहोचतात. आधी तंतुमुळे कुजतात, मग खोडाची साल. डिंक दिसतो तेव्हा जमिनीखाली बरेच नुकसान झालेले असते. विदर्भाच्या भारी काळ्या जमिनीत पाण्याचा निचरा सावकाश होतो. त्यामुळे वर्षानुवर्षे जोपासलेली बाग या रोगाने उतरणीला लागते.

म्हणूनच बागांमध्ये उपायांची सुरुवात फवारणीने नव्हे, पाण्यापासून होते. पावसाळ्यात चर काढून पाणी बाहेर काढतात. एरवी दुहेरी आळे करतात, म्हणजे ओलिताचे पाणी खोडाला लागत नाही. कलमाचा जोड जमिनीपासून वीतभर तरी उंच ठेवतात. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर खोडाला बोर्डो मलम लावतात. त्यासाठी एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना दहा लिटर पाण्यात कालवतात. हे मिश्रण लोखंडी भांड्यात करायचे नसते आणि ते डोळ्यांत जाऊ द्यायचे नसते.

मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. तेव्हा कुंडीलाही हाच न्याय लावावा. तळाची भोके मोकळी ठेवावीत. मातीत वाळू व कुजलेले शेणखत मिसळावे. खोडाशी माती चढवू नये. कुंडी विटांवर ठेवावी आणि बोटभर खोलीपर्यंत माती कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नये. पावसाची संततधार असेल तर कुंडी आडोशाला घ्यावी.

पानांवर आणि फळांवर खरखरीत, पिवळ्या कडेचे तपकिरी ठिपके आले, तर तो ‘खैऱ्या’. तो जिवाणूंमुळे होतो. असे भाग पाने कोरडी असताना छाटावेत, कात्री निर्जंतुक करावी. पाने काजळी धरल्यासारखी काळी झाली, तर मावा किंवा पिठ्या ढेकूण शोधावा. त्यांच्या चिकट स्रावावर ही काळी बुरशी वाढते. कीड गेली की तीही हटते.

राहिली कुंडीखालची ताटली. तिच्यात साचलेले पाणी मुळे कुजवतेच, शिवाय डेंग्यू पसरवणारा एडिस डासही तिथेच अंडी घालतो. उष्ण हवेत अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठवडा पुरतो, आणि अंडी ताटलीच्या कडेला चिकटून राहतात. म्हणून ताटली नुसती ओतून चालत नाही, घासून कोरडी करावी लागते. पावसाळ्यात ती काढून टाकलेलीच बरी. त्यात लिंबाचेही भले आहे आणि घरातल्या माणसांचेही.