तापलेल्या समुद्रावर खुंटलेली वादळं

२०१३ साली अमेरिकेच्या 'नोआ' या संस्थेने अटलांटिक महासागरासाठी जो अंदाज दिला होता, तो धडकी भरवणारा होता. १३ ते २० वादळं होतील आणि त्यांतल्या ७ ते ११ वादळांना हरिकेनचं रूप येईल, असं तो सांगत होता. नाव मिळालेली वादळं खरोखरच १३ झाली. हरिकेन मात्र दोनच, 'हम्बर्टो' आणि 'इन्ग्रिड', आणि दोन्ही सर्वांत खालच्या, पहिल्या श्रेणीची. त्यांतलं पहिलं तयार व्हायला ११ सप्टेंबर उजाडला, म्हणजे मोसम ऐन भरात आल्यावर. अंदाज साफ चुकला, असं म्हणून हा विषय सोडून देता येईल. पण मग या आकड्यांतली महत्त्वाची गोष्ट निसटते. त्या वर्षी वादळं जन्माला येत होती, फक्त वाढत नव्हती. मोसम शांत का गेला, याचं उत्तर समुद्रात शोधण्याआधी त्याच्यावरच्या हवेत शोधायला हवं.

समुद्राचं पाणी साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर तापलेलं असणं ही वादळाची पहिली अट, पण ती एकटी पुरत नाही. दर मोसमात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून वाऱ्याच्या सुमारे ६० लहरी अटलांटिकवर उतरतात आणि त्यांतल्या बहुतेक वाटेतच विरून जातात. वादळ पोसलं जातं ते बाष्पावर: दमट हवा वर चढते, बाष्पाचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते आणि त्या उष्णतेने हवा आणखी जोमाने वर जाते. या चढत्या हवेत मधल्या थरातली कोरडी हवा शिरली, तर पावसाचे थेंब पडता पडताच सुकतात, भोवतालची हवा थंड होऊन खाली बसते आणि ढगांचा डोलारा कोसळतो. सहारावरून येणारी धुळकट हवा हेच करते. दुसरा शत्रू म्हणजे खालच्या आणि वरच्या वाऱ्यांतली तफावत. ती वाढली की वादळाचा माथा त्याच्या पायापासून दूर ढकलला जातो आणि गाभ्यात उष्णता साठतच नाही. २०१३ मध्ये अटलांटिक आणि कॅरिबियनवर कोरडी, खाली बसणारी हवा ठाण मांडून होती.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं एल निनोचंच काम नाही का? कोलोरॅडो राज्य विद्यापीठाचे विल्यम ग्रे यांनी १९८४ मध्ये एल निनो आणि अटलांटिकमधली शांतता यांचा संबंध दाखवला आणि तो आजही टिकून आहे; एल निनोच्या वर्षी कॅरिबियनवर वाऱ्यांतली ही तफावत वाढते. पण २०१३ मध्ये एल निनो नव्हता. उलट २०२३ मध्ये तो चांगलाच प्रबळ होता, तरी विक्रमी तापलेल्या अटलांटिकवर २० वादळं झाली. एका कारणावर सगळा मोसम टांगता येत नाही. आणखी एक आक्षेप नेहमी येतो: वादळं कमी झाली, म्हणजे तापमानवाढीची भीती फुगवलेली आहे. मला हा तर्क मुळातच चुकीचा वाटतो. अटकाव चुकवून जे वादळ वाढतं, त्याला गरम पाणी अधिक बळ देतं. २०२५ मध्ये अटलांटिकवर हरिकेन फक्त ५ झाली, सरासरी ७ पेक्षा कमी. पण त्यांतली तीन पाचव्या श्रेणीला पोचली आणि त्यांपैकीच 'मेलिसा'ने ऑक्टोबरअखेर जमैकाला उद्ध्वस्त केलं.

म्हणूनच मोसमाच्या बेरजेवरून एखाद्या गावाचं हवामान ठरवणं धोक्याचं आहे. ज्या २०१३ ला आपण शांत म्हणतो, त्याच सप्टेंबरात मेक्सिकोवर एका बाजूने 'इन्ग्रिड' आणि पॅसिफिककडून 'मॅन्युएल' जवळजवळ एकाच वेळी धडकली. अतिवृष्टीने, दरडी कोसळून शंभराहून अधिक माणसं गेली. १९९२ चा मोसमही सुस्त होता. त्याचं पहिलं नाव पडायला ऑगस्टचा मध्य ओलांडावा लागला, आणि ते पहिलंच वादळ होतं दक्षिण फ्लोरिडा उजाड करणारं 'अँड्र्यू'.

वाऱ्यांतल्या तफावतीचा हाच नियम अरबी समुद्रालाही लागू आहे. ऐन पावसाळ्यात खाली नैर्ऋत्येचे जोरदार वारे आणि वर पूर्वेकडून येणारा वेगवान झोत असतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये तिथे चक्रीवादळ क्वचितच उभं राहतं. ऑगस्ट २०२४ मधलं 'असना' हा दुर्मीळ अपवाद. हे छत्र नसतं ते पावसाळ्याच्या आगेमागे: ३ जून २०२० चं 'निसर्ग', मे २०२१ चं 'तौक्ते', नोव्हेंबर २००९ चं 'फयान'. कोकणातल्या मच्छीमाराला होडी काढायची की नाही, हे ठरवताना मोसमी सरासरीचा काही उपयोग नाही. त्याला लागतो तो हवामान खात्याचा येत्या चार-पाच दिवसांचा इशारा.