हांक आणि पारख

गेल्या वैशाखांत वसईकडील आमचा एक जुना विद्यार्थी सायंकाळीं आमच्या ओसरीवर येऊन बसला. गृहस्थ कॅथॉलिक, घरीं मराठीच बोलतात, मुलगी नुकतीच पदवीधर झालेली. इकडचें तिकडचें बोलून झाल्यावर तो म्हणाला, "गुरुजी, पोरगी सिस्टर व्हायचें म्हणते. तिला खरोखर देवाची हांक आली आहे, कीं नुसतें खूळ डोक्यांत शिरलें आहे, हें मीं ओळखावें कसें?" बोलतां बोलतां त्याचे डोळे भरून आले. आम्हांजवळ उत्तर तयार नव्हतें. परंतु त्या निमित्तानें जें वाचलें व जाणत्यांस विचारलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण वैराग्याची पारख हा प्रश्न कोणा एका धर्माचा नव्हे.

ज्या दिवशीं वैराग्य उपजेल त्याच दिवशीं घर सोडावें, अशी मोकळीक आपल्याकडे जाबालोपनिषदानें दिली आहे. पण 'स्मशानवैराग्य' हा शब्दहि आपल्याच लोकांनीं घडविला. चिता विझली कीं तें वैराग्यहि विझतें! कॅथॉलिक चर्चची या बाबतींतील सारी व्यवस्था जणूं हा दुसरा शब्द ध्यानांत ठेवूनच रचलेली आहे.

त्यांच्या १९८३ सालच्या धर्मसंहितेप्रमाणें वयाचीं १७ वर्षें पुरीं झाल्यावांचून मुलीस नवदीक्षेंत घेतां येत नाहीं. नवदीक्षेचा काळ निदान १२ महिन्यांचा. त्यानंतर ब्रह्मचर्य, अकिंचनत्व व आज्ञापालन हीं तीन व्रतें घ्यावयाचीं, तीं देखील प्रथम मुदतीचीं. ही मुदत सामान्यतः ३ ते ६ वर्षांची असते. तींत मन ठरलें व वडीलधाऱ्या भगिनींनाहि तसें पटलें, तरच आजन्म व्रतें. बळजबरीनें, धाकानें किंवा फसवणुकीनें झालेला प्रवेश मुळींच ग्राह्य नाहीं. नवदीक्षितेस केव्हांहि घरीं परतण्याची मुभा असते. आंत जाण्याचें दार जितकें जपावयाचें, तितकेंच बाहेर येण्याचेंहि उघडें ठेवावयाचें, हें आम्हांस फार शहाणपणाचें वाटलें.

पण हें बाहेरचें कुंपण झालें. अंतरींची खूण कोणती? येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला हे १५२१ सालीं पांप्लोना येथें तोफेच्या गोळ्यानें जायबंदी होऊन अंथरुणास खिळले. वाचावयास शौर्यकथा मागितल्या, त्या मिळाल्या नाहींत. मिळालीं तीं ख्रिस्ताचें व संतांचीं चरित्रें. पडल्या पडल्या ते कधीं दरबारी पराक्रमाचीं, तर कधीं संतांच्या वाटेनें जाण्याचीं स्वप्नें पाहत. दोन्हीं गोडच, पण पहिलीं ओसरल्यावर मन कोरडें पडे, दुसऱ्यांचा प्रसन्नपणा मागाहूनहि टिके. या निरीक्षणांतून त्यांनीं पुढें विवेकाचे नियमच बांधिले. त्यांतील एक असा, कीं मन उदास असतां पूर्वीचा निश्चय बदलूं नये.

कलकत्त्याच्या मदर तेरेसा यांचें चरित्र या कसोटीवर पाहण्याजोगें आहे. त्या १९१० सालीं स्कोप्ये येथें जन्मल्या; नांव ॲग्नेस. वडील १९१९ सालीं वारले. बाराव्या वर्षाच्या सुमारास त्यांना प्रथम ओढ वाटली. घर सोडलें तें १९२८ सालीं, अठराव्या वर्षीं. हांक खरी कशी ओळखावी, असें विचारतां त्यांच्या धर्मगुरूनें अंतरींच्या खोल आनंदासच होकायंत्र म्हटलें, असें सांगतात. लोरेटो संघांत मुदतीचीं व्रतें १९३१ सालीं, आजन्म व्रतें १९३७ सालीं. म्हणजे पहिल्या ओढीपासून पंधरा वर्षें! १० सप्टेंबर १९४६ रोजीं दार्जिलिंगच्या वाटेवर आगगाडींत दरिद्री जनांच्या सेवेची दुसरी हांक आली, तेव्हांहि मठ एकदम सोडला नाहीं. वरिष्ठांची व रोमची अनुज्ञा मिळून त्या बाहेर पडल्या त्या १९४८ सालीं. पुढें अनेक वर्षें त्यांच्या अंतरांत काळोख दाटला होता, हें २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या पत्रांवरून जगास कळलें. तरी निश्चय ढळला नाहीं. होकायंत्र दिशा दाखवितें. वाट सुखाची असेल असें वचन तें देत नाहीं.

आणि किंमत एकट्या मुलीनेंच दिली असेंहि नाहीं. १९२८ नंतर त्या मायलेकींची भेट पुन्हां झाली नाहीं. आई १९७२ सालीं तिराना येथें निवर्तली.

हें सारें आम्हीं त्या विद्यार्थ्यास सांगितलें आणि म्हटलें, "अरे, तीन गोष्टी पाहा. पोर कशापासून पळत तर नाहीं ना? भांडीं घासतांना आणि केर काढतांनाहि तिचा आनंद टिकतो ना? आणि 'थांब' म्हटलें तर ती थांबते ना?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आणि मीं काय करावें, गुरुजी?"

"तूं तिला ओढूं नकोस, लोटूंहि नकोस. कठीण आहे, पण बापाचें व्रत तेंच."

परवां त्याचें पत्र आलें. मुलगी एका मठांत भगिनींबरोबर महिनाभर राहून आली. अजून कांहींच ठरलें नाहीं. शेवटीं त्यानें लिहिलें आहे, "पूर्वीं रोज रात्रीं तिला विचारीत असें. आतां विचारीत नाहीं. जेवायला मात्र दोघें बरोबर बसतों."